इंजिन धुळ्याला, फेरे धरणगावला

मित्रांनो, मी फेरे मोजणारा एक जुना काटा आहे. लॉरीचे इंजिन एका मिनिटात किती वेळा फिरते, एवढेच सांगण्यासाठी मला घडवले गेले. कारखान्याने मला टॅकोमीटर हे नाव दिले होते. ते खानदेशात कोणाच्या जिभेवर बसले नाही, म्हणून सगळे मला काटा म्हणू लागले. याच शब्दाने पुढे एका सरळ माणसाचे नाव धुळीला मिळवले. ते कोणी मिळवले आणि आम्ही त्याची परतफेड कशी केली, हे मी सांगणार आहे. मी रागाने बोलतो, हे आधीच कबूल करतो. आकडे मात्र तुम्ही तपासून पाहा; रागाने त्यांत फरक पडलेला नाही.

माझी रचना साधी आहे. इंजिनाच्या कुशीत दात्यांचा एक लहान सांधा असतो. त्यातून निघालेली लवचिक तार माझ्या पाठीत येते आणि आत एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी आहे. चुंबक तिला स्पर्शही करत नाही, तरी तिला आपल्यामागे ओढतो. केसाएवढी स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत वाटी जेथे थांबते तेथे माझा काटा थांबतो. माझ्यावर शून्यापासून तीसपर्यंत आकडे आहेत. त्यांना शंभराने गुणायचे. तेविसावर तांबडी रेघ आहे. तिच्या पलीकडे इंजिनाने जाऊ नये. एवढेच माझे शास्त्र आणि एवढाच माझा धर्म. तारेच्या दुसऱ्या टोकाला काय बांधले आहे, हे जाणण्याचे साधन मला दिलेले नाही. जे फिरते ते मी सांगतो.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या लॉऱ्या लिलावात निघाल्या. त्यांतली माझी लॉरी १९४८ साली धरणगावच्या झुलाल शेठने घेतली. शेठचा कापूस खरेदीचा धंदा होता. खेड्यांतून कापूस आणायचा, आपल्या आवारात तोलायचा आणि गाठी बांधून पाठवायच्या. लॉरीवर लोटन नावाचा ड्रायव्हर होता, अमळनेरकडचा. वेग दाखवणारा माझा जोडीदार लष्करातच निखळला होता, त्यामुळे ड्रायव्हरसमोरच्या पाट्यावर मी एकटाच उरलो होतो. लोटन सकाळी प्रथम माझी काच पुसत असे आणि नंतर आपला चेहरा. पाच वर्षांत आम्ही तांबडी रेघ एकदाही ओलांडली नाही.

झुलाल शेठला माझे फार कौतुक होते. "माणूस खोटं बोलेल, काटा नाही बोलणार," असे तो पाहुण्यांना सांगे. दसऱ्याला तो स्वतः माझ्या काचेवर कुंकवाचा टिळा लावी. त्यामुळे चार आणि पाच हे आकडे आठवडाभर वाचता येत नसत. कौतुकाचा मला झालेला हा पहिला उपद्रव.

१९५३ च्या हंगामात पारोळ्याच्या अलीकडे आमच्या गिअरबॉक्सचे दाते तुटले. लॉरी धुळ्याला जीवराम मिस्त्रीच्या कारखान्यात ओढून नेली. तेथे तशाच एका मोडक्या लष्करी लॉरीचा गिअरबॉक्स पडलेला होता. जीवरामने तो आम्हाला बसवायचे ठरवले. साखळीने तो वर चढवताना इंजिन एका बाजूला कलले, आणि इंजिनाच्या कुशीतला माझा सांधा चेपला. तसा सांधा मुंबईहून मागवावा लागला असता, आणि मागवायचा म्हणजे तो कसा मोडला हेही सांगावे लागले असते. जीवरामने सांगितले नाही. नव्या गिअरबॉक्सला मागच्या बाजूला एक तोंड होते. वेग दाखवणाऱ्या काट्याची तार तेथे बसते. त्याने माझी तार इंजिनापासून सोडवली, मागे ताणली आणि त्या तोंडात घट्ट पिळून टाकली.

यात काय बिघडले ते नीट समजून घ्या. आता माझी तार इंजिन फिरवत नव्हते. चाकांकडे जाणारा दांडा फिरवत होता. दात्यांचा हिशेब असा जमला की टॉप गिअरमध्ये दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येत. खालच्या गिअरमध्ये मात्र इंजिन चोवीसशे फेरे घेत असले तरी मी आठ दाखवी. जीवरामने शेठला सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये फिरवून आणले. "बघा शेठ, काटा कसा पळतो!" तो म्हणाला. शेठ खूश झाला. मी आयुष्यात प्रथम खोटे बोललो, आणि ते मला माहीतही नव्हते.

लोटनला दुसऱ्याच दिवशी शंका आली. त्याने लॉरी परत मिस्त्रीच्या दारात उभी केली, इंजिन चालू ठेवले आणि आपल्या अहिराणीत सांगितले.

"मिस्त्री, उभी गाडीमा हाऊ काटा शून्यवर झोपी ऱ्हायना. आधी असा नही व्हता."

"म्हातारा झालाय तो. गाडी चालली की जागा होतो."

"म्हातारा ते मना बाप बी शे. तो बसेल जागावर घोरस, पन मरस नही."

कारखान्यातली माणसे हसली. जीवराम हसला नाही. "भाऊ, स्टिअरिंग तुझं, गाडीचं पोट माझं. तू तुझं बघ."

लोटनने आपल्या परीने तपास केला. त्याने माझी तार माझ्या पाठीतून सोडवली, तिला ग्रीस लावले, आणि माझ्या पाठीत एक चौकोनी खिळा घालून बोटांनी फिरवला. काटा चटकन उठला. म्हणजे मी शाबूत होतो. तार तुटलेली नव्हती. राहता राहिले तारेचे दुसरे टोक, आणि ते पाहायला तो खाली वाकला नाही. गाडीचे पोट मिस्त्रीचे, हा आमच्याकडचा रिवाज त्याने पाळला. वाकला असता तर ही गोष्ट तेथेच संपली असती. लोटन माझा माणूस आहे; तरी ही नोंद मी त्याच्या बाजूला झुकवणार नाही.

पंधरा दिवसांनी मालेगावला गाठी पोचवायच्या होत्या. घाई होती म्हणून शेठ स्वतः लॉरीत बसला. धुळे सोडून लळिंगचा चढ लागला. भरलेली लॉरी दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागली. मी आठ दाखवत होतो.

"दाब ना," शेठ म्हणाला.

"शेठ, इंजिन रडी ऱ्हायनं."

"काटा आठवर आहे. तेविसापर्यंत रान मोकळं आहे. दाब."

"काटा काही बी सांगो. मना कान सांगस, आते पुरे."

"कानाने चालवायचं तर भजनी मंडळात जा. ही लॉरी काट्यावर चालते."

लोटनने दाबले. मी नऊ दाखवले. त्या वेळी इंजिन सत्तावीसशे फेरे घेत होते. तांबडी रेघ केव्हाच मागे पडली होती आणि ती दाखवण्याचे माझे एकमेव काम मी करत नव्हतो. मग खालून एक आवाज आला. कोणीतरी आतून हातोडी मारत असावे, तसा. बेअरिंग वितळले होते. लॉरी चढावर उभी राहिली, आणि लोटन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसता बसून राहिला.

लॉरी पुन्हा जीवरामकडे आली. त्याने इंजिन उघडले, पाहिले आणि सांगितले, "पळवून पळवून जाळलंय."

"पण काटा आठ-नऊवर होता," शेठ म्हणाला. "मी डोळ्यांनी बघितलं."

जीवरामपुढे दोन वाटा होत्या. आपली चूक सांगणे ही एक. त्याने दुसरी धरली. "शेठ, काट्याचं काय घेऊन बसलात? लोटननेच काटा मारला असेल. गाडी पळवलेली मालकाला कळू नये म्हणून करतात हे लोक. आणि हा बघा, हा तर मेलेलाच आहे." असे म्हणून त्याने पान्याची मूठ माझ्या काचेवर ठोकली. सातच्या आकड्यापासून एकोणिसापर्यंत चीर गेली. पाच वर्षे खरे बोलल्याचे हे बक्षीस.

आता या दोन शब्दांकडे लक्ष द्या: काटा मारला. जीवरामच्या कारखान्यात त्यांचा अर्थ माझ्याशी खेळ केला एवढाच. पण शेठ ते शब्द जसेच्या तसे धरणगावला घेऊन गेला. कापसाच्या बाजारात काटा एकच असतो, तराजूचा. काटा मारणे म्हणजे मापात चोरी करणे. "लोटनने काटा मारला, म्हणून त्याला काढला," असे शेठने आवारात सांगितले, आणि ऐकणाऱ्यांना आपापले कापसाचे गाठोडे आठवले. घरी भरते ते येथे दोन शेर कमी का भरते, हे कोडे त्यांना कित्येक हंगाम पडलेले होते. कापूस तर लोटनच आणत होता, आणि तोलाच्या वेळी उभाही राहत होता. कोडे सुटले. लोकांचा समज चुकीचा आहे हे शेठला पहिल्याच संध्याकाळी कळले. त्याने तो दुरुस्त केला नाही, कारण तो सोयीचा होता.

हे सगळे मी भागाबाईच्या तोंडून ऐकले. ती लोटनची थोरली बहीण. तिचे धरणगावजवळ कापसाचे शेत होते. लोटन आपले सामान घ्यायला कारखान्यात आला, तेव्हा ती त्याच्याबरोबर होती. लॉरी दारात उभी होती. इंजिन बाहेर काढून आत फरशीवर ठेवलेले होते. दोघे बहीणभाऊ केबिनमध्ये बसले.

"तीन मालककडे गऊ," लोटन म्हणाला. "नाव सांगताच दार लावतस. म्हनतस, काटा मारणारा तूच का?"

"मालेच सांगतस लोके," भागाबाई म्हणाली. "मना दोन-दोन शेर कापूस मनाच भाऊनी खादा म्हने. मी म्हनं, तो इतला कापूस खाता ते गादी नही व्हई जाता?"

लोटन हसला नाही. तेवढ्यात कारखान्यातल्या चार माणसांनी जागा करण्यासाठी लॉरी मागून ढकलायला सुरुवात केली. लॉरी हलली, आणि माझा काटा शून्याच्या खिळ्यावरून उठून दीडपर्यंत आला.

लोटन माझ्याकडे बघत राहिला.

"अक्का, इंजिन कोठे शे?"

"ते काय, फरशीवर पडेल शे. तुना डोया गया का?"

"मंग हाऊ कोना फेरा मोजी ऱ्हायना?"

भागाबाईने माझ्याकडे पाहिले, मग फरशीवरच्या इंजिनाकडे पाहिले. लोटन खाली उतरला. हातातला रुमाल पडल्याचे निमित्त करून तो वाकला आणि त्याने गाडीच्या पोटाखाली पाहिले. माझी तार कोठे जाते ते त्याला दिसले. वर आला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता. असा शांतपणा मी इंजिनात पाहिला आहे, पाणी संपल्यावर आणि आग लागण्यापूर्वी.

"आतेच धर त्याले," भागाबाई कुजबुजली.

"नही. आठे कारखानामा धरं ते आठेच ऱ्हाई. मना नाव बजारमा गयं. परत बी बजारमाच येवाले पाहिजे."

मित्रांनो, सूड हा शब्द मी मोजून वापरतो. लोटनला त्या दिवशी न्याय मिळाला असता. मिस्त्रीने हळूच चूक कबूल केली असती, शेठने हळूच ऐकले असते, आणि बाजारात तो चोरच राहिला असता. त्याला ते नको होते. मलाही नको होते.

इंजिनाचे सुटे भाग यायला दोन महिने लागणार होते आणि कारखान्यात जागा नव्हती. शेठने लॉरीचा सांगाडा धरणगावला ओढून आणायचे ठरवले. धनसिंग नावाचा दुसरा लॉरीवाला ओढणार होता. मागच्या गाडीच्या स्टिअरिंगला माणूस लागतो. लोटन म्हणाला, मी फुकट बसतो. दोन गाड्यांच्या जोडणीची जबाबदारी मिस्त्रीची, म्हणून जीवरामला यावेच लागले. दिवस बाजाराचा निघाला, कारण तो लोटननेच धनसिंगला सुचवला होता.

"अरे लोटन, मेलेल्या गाडीची वरात काढतोस काय?" धनसिंगने विचारले.

"नवरदेव पुढे शे," लोटन म्हणाला, आणि धनसिंगच्या शेजारी बसलेल्या जीवरामकडे बोट दाखवले.

आम्ही आवाराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पन्नास-साठ बैलगाड्या उभ्या होत्या. लोटन खाली उतरला आणि त्याने बॉनेट उघडून टाकले. आत रिकामी जागा होती. खालचा रस्ता दिसत होता.

"बठ्ठा देखी ल्या," तो सगळ्यांना मोठ्याने म्हणाला. "इंजिन शे का?"

"खड्डा शे," कोणीतरी ओरडले. लोक जमू लागले.

"शेठ, वर या. तुमना आवडता काटा देखा एकडाव."

झुलाल शेठ कुरकुरत चढला. लोटनने जीवरामला बोलावले. त्याला एकाएकी फार काम आठवले.

"बसा ना मिस्त्री," कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन बाजाराला आलेली भागाबाई वाटेत उभी राहून म्हणाली. "तुमनीच गाडी शे. भ्या का?"

दोन शेतकरी दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर उभे राहिले. धनसिंगने स्टेशनच्या सरळ रस्त्यावर लॉरी काढली. वेग वाढला तसा मी वर चढू लागलो. पायरीवरचा शेतकरी आत डोकावून आकडे मोठ्याने वाचत होता. पाच. आठ. दहा. अकरावर मी स्थिर झालो. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत खोटे आणि सर्वांत उपयोगी विधान होते: जे इंजिन चाळीस मैलांवर फरशीवर पडले होते, ते मिनिटाला अकराशे फेरे घेत आहे.

"शेठ," लोटन म्हणाला, "इंजिन धुळ्याले, नी फेरा धरणगावले?"

पायरीवरचा शेतकरी इतका हसला की त्याची टोपी रस्त्यावर पडली.

परत फाटकाशी आल्यावर लोटनने पाना जीवरामच्या हातात दिला. "गाडीनं पोट तुमनं. जा."

सगळ्यांसमोर जीवराम लॉरीखाली सरपटला. माझ्या तारेचा नट त्यानेच पिळला होता, त्यानेच सोडवला. बाहेर आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला पाठभर तेल होते आणि हातात तारेचे टोक. सांधा मोडला होता, तो म्हणाला. लपवला, तो म्हणाला. तिसरे वाक्य त्याला सुचले नाही. माझ्या काचेतल्या चिरेतून मी त्याला पाहत होतो. मला बरे वाटले. हे लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

"झालं तर," शेठ घाईने म्हणाला. "लोटन निर्दोष आहे. उद्यापासून कामावर ये."

"असं नही शेठ. बठ्ठासले सांगा, मी कोणता काटा मारा म्हने तुम्ही."

शेठने घसा साफ केला. "गाडीचा काटा. मी गाडीचा म्हणालो होतो. तोलाचं मी काही म्हणालो नव्हतो."

तोलाचा काटा लोटनने मारला नाही, हे आता शेठच्याच तोंडून निघाले होते. भागाबाईने आपले कापसाचे गाठोडे डोक्यावरून खाली ठेवले.

"मंग शेठ," ती म्हणाली, "आमना कापूस कोनी मारा?"

ती तराजूकडे गेली. "तोला."

तोलाऱ्याने शेठकडे पाहिले, मग गर्दीकडे पाहिले, आणि तोलले. छत्तीस शेर भरले.

"आते पारडा बदला. कापूस तिकडे, वजनं इकडे."

मित्रांनो, या बाईला अक्षरओळख नव्हती. पण तराजू तपासण्याची याहून चोख रीत मला ठाऊक नाही. दांडीच्या दोन्ही बाजू सारख्या असतील, तर पारडी बदलल्याने काही बदलत नाही. येथे बदलले. त्याच गाठोड्याचे चाळीस शेर भरले. खरे वजन या दोहोंच्या मधले, अडतीस. दांडीचे मधले छिद्र सुपारीच्या खांडाएवढे एका बाजूला सरकवलेले होते.

त्या दिवशी त्या आवारात पुढे काही तोलले गेले नाही. एकेक गाडी वळली. कोणी शेठला शिवी दिली नाही. बैलांना मात्र सगळ्यांनी त्याच्या बापाच्या नावाने हाकारले. शेठने लोटनला पुन्हा विचारले, कामावर येतोस का. लोटनने पगार मागितला नाही. थकलेल्या पगाराच्या बदल्यात शेठसमोरच पाट्याचे चार स्क्रू काढून त्याने मला बाहेर घेतले, रुमालात गुंडाळले आणि तो निघाला.

तेव्हापासून आम्ही सावद्याला आहोत. लोटन केळीच्या लॉरीवर आहे. माझा सांधा त्याने मुंबईहून आणवला, आणि तो बसवताना स्वतः गाडीच्या पोटाखाली आडवा झाला.

गेल्या उन्हाळ्यात जीवराम सावद्याला आला. पाच वर्षांत त्याचे गिऱ्हाईक तुटले होते. लॉरीवाले गाडी देताना विचारत, मिस्त्री, तार कोठे बांधणार? तो लोटनसमोर हात जोडून उभा राहिला.

"भाऊ, तुमचा एक शब्द पुरे आहे. धुळ्यात येऊन सांगा, जीवराम आता सुधारला."

लोटन केळीचे घड मोजत होता. त्याने मोजणे पुरे केले.

"मिस्त्री, मना नाव परत आनाले मी बिनइंजिननी गाडी चाळीस मैल ओढी लई उनू. तू काय ओढी लई उना?"

जीवराम निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावर लोटनने माझी काच पुसली. काच बदलून घे, असे नवा मालक त्याला नेहमी म्हणतो. तो बदलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी घड्याळ असेल, तराजू असेल, एखादा माझ्यासारखा काटा असेल. त्याला वेळेवर तेल द्या, त्याची काच स्वच्छ ठेवा. तो खोटे बोलतो असे वाटले तर त्याला ठोकू नका, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वासही ठेवू नका. त्याची तार हातात धरा आणि दुसऱ्या टोकापर्यंत वाकून जा. तेथे बहुतेक वेळा एक माणूस सापडतो.